प्रति जीबी किती वीज? प्रबंधात कोणता आकडा धरू?

अर्धवट_प्रबंध:

मंडळी, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय ढोबळमानाने ठरलाय: इंटरनेटच्या यंत्रणेचा पर्यावरणावर होणारा परिणाम. मॅडम म्हणाल्या, आधी नुसतं वाच, प्रश्न नंतर ठरव. वाचलं, आणि होती ती स्पष्टताही गेली.

माझ्या डोक्यात सरळसोट गणित होतं. आमच्या विभागाची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं विद्यार्थी बघतात. त्यात किती जीबी डेटा जातो हे कळतं. त्याला जीबीमागे लागणाऱ्या विजेने गुणायचं, मग विजेच्या कार्बन गुणांकाने, म्हणजे युनिटमागे किती कार्बन सुटतो त्याने. एक्सेलचे तीन रकाने. घोडं अडलं मधल्या रकान्यात. अस्लान, कूमी वगैरेंचा २०१८ चा पेपर आहे, त्यात आधीच्या अंदाजांची छाननी केली आहे. सन २००० साठीचा एक अंदाज म्हणतो जीबीमागे १३६ युनिट, २००८ साठीचा दुसरा म्हणतो ०.००४ युनिट. म्हणजे चौतीस हजार पट फरक! हे लेखक स्वतः २०१५ साठी ०.०६ वर येतात.

एकूण विजेचंही तेच. अँड्रे आणि एडलर यांनी २०१५ मध्ये मांडलेली सर्वांत वाईट शक्यता अशी की २०३० मध्ये संगणक-नेटवर्कचं संपर्क तंत्रज्ञान जगातली ५१ टक्के वीज खाईल. पाच वर्षांनी ‘सायन्स’मध्ये मॅसानेट आणि सहकारी सांगतात की २०१८ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरना मिळून २०५ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे अब्ज युनिट) लागले, जगाच्या विजेच्या साधारण एक टक्का, आणि २०१० पासूनची वाढ अवघी ६ टक्के. दोन्ही रीतसर छापलेले पेपर. मी कोणाच्या पंगतीला बसू?

कोणी या विषयात काम केलं असेल तर सांगा: कोणता आकडा धरला तर तोंडी परीक्षेत फजिती होणार नाही?

तळटीप:

यात एवढं अडण्यासारखं काही नाही. ०.०६ धरा. त्याच पेपरात म्हटलंय की २००० पासून हा आकडा साधारण दर दोन वर्षांनी निम्मा होत आलाय. २०१५ पासून दहा वर्षं, पाच वेळा निम्मं केलं की जेमतेम ०.००२ येतो. संदर्भ द्या, गृहीतक लिहा, वर-खाली एक मर्यादा दाखवा. एम.एस्सी.ला एवढं पुरतं. माझ्या धोरणविषयक कामात मी हेच करतो आणि परीक्षकांनी कधी हरकत घेतलेली नाही.

रॅकवाला:

परीक्षक हरकत घेत नाहीत हे खरं. मी घेतो.

ओळख म्हणून एवढंच: डेटा सेंटरच्या विजेच्या बाजूला माझी नोकरी गेली. यूपीएस, जनरेटर, चिलर, बॅटरीची खोली. नेटवर्कवाले शेजारच्या टेबलावर. आता अशा पेपरांच्या मसुद्यांवर शेरे मारण्याचं काम अधूनमधून येतं, त्यामुळे हा जीबीचा आकडा डोळ्यांसमोरून बरेचदा जातो आणि दरवेळी तोच त्रास होतो.

आमच्या मॉनिटरिंगच्या भिंतीवर दोन आलेख शेजारी लावलेले असायचे. एक ट्रॅफिकचा, म्हणजे वाहणाऱ्या डेटाचा, एक राउटरच्या रॅकला (यंत्रं बसवायच्या कपाटाला) जाणाऱ्या विजेचा. ट्रॅफिकचा आलेख पहाटे तळाला, रात्री जेवणानंतर शिखरावर. विजेचा आलेख? पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ. नवीन माणूस आला की विचारायचा, मीटर बिघडलाय का. मीटर ठणठणीत असायचा. राउटरमध्ये लाइन कार्ड (तारा जोडायची पाटी) बसवलं, त्यात ऑप्टिकल मॉड्यूल (विजेचे संकेत प्रकाशात बदलणारा तुकडा) खोचलं, लिंक उभी राहिली, की ते आपली वीज घेत राहतं. त्यातून एक बिट गेला काय आणि पाइप भरून वाहिला काय, फरक थोडका. शिवाय सगळं जोडीने. दोन राउटर, दोन मार्ग, दोन यूपीएस, कारण एक मेला तर दुसऱ्याने सगळा भार उचलायचा असतो. म्हणजे प्रत्येकजण मुळातच अर्ध्याहून कमी भरलेला.

आता तुमचा ०.०६ कसा तयार होतो ते बघा. वर्षभरात नेटवर्कने खाल्लेली वीज, भागिले वर्षभरात वाहिलेला डेटा. वीज तेवढीच राहिली आणि डेटा दुप्पट झाला की आकडा आपोआप निम्मा. त्या ‘सुधारणे’त चांगल्या उपकरणांचा वाटा आहेच, नाही म्हणत नाही, पण छेद फुगल्याचाही आहे. हा सरासरी वाटा आहे. जागतिक हिशेब वाटून द्यायला ठीक. तुम्ही मात्र त्याने गुणाकार करणार आणि निष्कर्ष लिहिणार की व्याख्यानांचं रिझोल्यूशन कमी केलं तर इतके किलो कार्बन वाचेल. तो वाचत नाही. निम्म्या रिकाम्या बसमधून एक प्रवासी उतरला म्हणून डिझेल पन्नासाव्या हिश्शाने कमी जळत नाही, तसं आहे ते. हे आता उघड लिहिलं जातंय: मिटन, लुंडेन आणि मालमोडिन यांचा २०२४ चा पेपर आहे ‘जर्नल ऑफ इंडस्ट्रियल इकॉलॉजी’त. नेटवर्कची वीज डेटाच्या प्रमाणात वाढत नाही हे त्याचं शीर्षकच सांगतं. स्थिर भाग आणि डेटानुसार बदलणारा छोटा भाग वेगळे मांडायची पद्धत त्यात आहे.

याचा अर्थ डेटा फुकट असा नाही. नेटवर्क बांधलं जातं ते शिखराच्या तासासाठी. रात्री नऊचं शिखर वर्षानुवर्षं चढत राहिलं की नवीन कार्ड, नवीन मॉड्यूल, मोठा यूपीएस. म्हणजे परिणाम होतो, पण पायऱ्यांनी, उशिरा, आणि कोणत्या वेळी बघितलं यावर अवलंबून. पहाटे चारला डाउनलोड केलेलं व्याख्यान आणि रात्री नऊला बघितलेलं व्याख्यान जीबीच्या रकान्यात सारखंच दिसतं.

आणि तळटीप, ती पाच वेळा निम्मं करण्याची युक्ती सोडा. लेखकांनी तो कल २००० ते २०१५ च्या आकड्यांवरून काढलाय. तो पुढे दहा वर्षं ताणायचा तर त्याला आधार लागतो, तुमच्याकडे फक्त कॅल्क्युलेटर आहे.

चौतीस हजार पटीबद्दल: निम्मा उलगडा वर्षात आहे (२००० सालची उपकरणं आणि २००८ ची वेगळी), उरलेला सीमारेषेत. कोणी फक्त मधलं नेटवर्क धरतो, कोणी घरातला राउटर, कोणी डेटा सेंटर आणि बघणाऱ्याचा संगणकही. अस्लान यांच्या ०.०६ मध्ये स्थिर-जोडणीचं नेटवर्क आहे. घरातला राउटर नाही, डेटा सेंटर नाही, मोबाइल नाही. दहा वॅटचा घरगुती राउटर वर्षभर चालू राहिला तर ८८ युनिटच्या आसपास होतात, तुम्ही व्याख्यानं बघा नाहीतर सुट्टीवर जा. तो कुठल्या रकान्यात टाकणार?

चौकस_बाई:

मधेच तोंड घालते. दर वर्षी कोणीतरी मेसेज पाठवतं की जुने ईमेल पुसा, पृथ्वी वाचवा. मी एकदा रविवारची दुपार घालवली त्यात. म्हणजे ती दुपार पाण्यात?

रॅकवाला:

डिस्क फिरतच होती बाई. शिवाय पुसायला बसलात तेवढा वेळ तुमचा संगणक आणि पडदा चालू होता.

अर्धवट_प्रबंध:

रॅकवाला, हे कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. पण मग व्हिडिओ बघण्याचे जे आकडे बातम्यांत येतात त्यांचं काय? अर्धा तास नेटफ्लिक्स म्हणजे १.६ किलो कार्बन, असं मी सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर टाकलं होतं आणि सगळ्यांना आवडलंही होतं.

रॅकवाला:

आवडणारच. तो आकडा फ्रान्सच्या ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’कडून २०१९ मध्ये आला. पुढे निघालं की त्यात बिट आणि बाइटची गल्लत होती (एक बाइट म्हणजे आठ बिट), तिथेच आठपट फुगला. त्यांनी २०२० मध्ये दुरुस्ती दिली, पण दुरुस्तीची बातमी कोण छापतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेसाठी जॉर्ज कामिया यांनी तेच गणित पुन्हा केलं. त्यांचा सुधारित आकडा तासाला ३६ ग्रॅमच्या घरात. कार्बन ट्रस्टने २०२१ मध्ये युरोपची सरासरी काढली, ती तासाला ५५ ग्रॅम. त्यातही सर्वांत मोठा वाटा बघणाऱ्याच्या पडद्याचा. म्हणजे व्हिडिओ टीव्हीवर बघितला की फोनवर, याने उत्तर जितकं हलतं तितकं बाकी कशाने हलत नाही.

आठ हा आकडा या क्षेत्राच्या मानगुटीवर बसलाय बहुतेक. १९९९ मध्ये मार्क मिल्स यांनी ‘फोर्ब्स’मध्ये लिहिलं की इंटरनेट अमेरिकेची ८ टक्के वीज खातंय, कोळसा आणखी खणा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या कूमी आणि सहकाऱ्यांनी एकेक घटक तपासून दाखवलं की हे सुमारे आठपट जास्त आहे. तरी तो आकडा नंतर वर्षानुवर्षं भाषणांत फिरत राहिला. तुमच्या प्रबंधात ‘हा आकडा कुठून आला’ असं एक प्रकरण नुसतं या दोन गोष्टींवर होऊ शकेल, आणि मी ते आनंदाने वाचेन.

तळटीप:

ठीक आहे, ताणून वापरायचा मुद्दा मान्य. पण रॅकवाला, तुमच्या बोलण्याचा सूर असा लागतोय की सगळे आकडे फुगवलेलेच असतात, चिंता नको. उद्योगाची माणसं नेमकं हेच ऐकवतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२५ चा अहवाल बघा: २०२४ मध्ये डेटा सेंटरची वीज ४१५ टेरावॅट-तास, २०३० साठीचा त्यांचा मुख्य अंदाज ९४५. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०१५ मध्ये डेटा सेंटर देशातल्या मीटरवर मोजलेल्या विजेतली ५ टक्के घेत होती, २०२३ मध्ये २१ टक्के. शहरी घरांपेक्षा जास्त! जागतिक एक टक्क्याचं समाधान तिथल्या ग्रिड चालवणाऱ्याला काय कामाचं?

रॅकवाला:

बरोबर बोललात, आणि सूर तसा लागत असेल तर तो काढून टाकतो. वर मी बोललो ते नेटवर्कबद्दल. डेटा सेंटर हे निराळं जनावर आहे आणि या दोघांची मोट बांधणं हाच निम्म्या पेपरांचा दोष.

राउटर रिकामा असो वा भरलेला, वीज जवळपास तीच. एआयची गणितं करणाऱ्या चिप, म्हणजे जीपीयू, तशा नाहीत. काम दिलं की वीज सणकन वर, काम संपलं की खाली. तिथे कामाच्या प्रमाणात वीज हे गृहीतक बऱ्यापैकी टिकतं. त्यामुळे एआयच्या एका प्रश्नाला किती वीज, हे विचारण्यात अर्थ आहे. एका जीबीला किती, यात फारसा नाही.

मॅसानेट यांचा २०१८ चा आकडा मला पटतो, कारण ती स्थित्यंतरं आम्ही आतून बघितली. त्या आठ वर्षांत सर्व्हरवरचं काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं आणि वीज ६ टक्क्यांनी. कशी? ऑफिसच्या कोपऱ्यातल्या, एसी लावलेल्या सर्व्हर खोल्या बंद झाल्या आणि काम मोठ्या केंद्रांत गेलं. एका सर्व्हरवर दहा आभासी सर्व्हर बसले. पण खोली एकदाच बंद करता येते. ती मलई खाऊन झाली. बर्कलीच्याच २०२४ च्या अहवालात अमेरिकेतल्या डेटा सेंटरची वीज २०१४ मध्ये ५८ आणि २०२३ मध्ये १७६ टेरावॅट-तास दाखवली आहे, देशाच्या ४.४ टक्के. २०२८ साठी त्यांनी ३२५ ते ५८० असा पट्टा दिलाय. पट्टा बघा केवढा रुंद आहे. एकच आकडा देणाऱ्यापेक्षा पट्टा देणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. अँड्रे यांनीही ५१ टक्के ही टोकाची शक्यता म्हणूनच दिली होती, अपेक्षित आकडा २१ टक्क्यांच्या आसपास होता. ‘शक्यता’ हा शब्द उद्धृत करताना गळून पडतो.

आणखी एक. कंपन्यांच्या अहवालात पीयूई दिसेल, म्हणजे केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांची वीज. १.१ बघून भुलू नका. आम्ही एका ठिकाणी हॉलचं तापमान वाढवलं. चिलरची वीज कमी झाली, पीयूई सुधारला, वरचे साहेब खूष. इकडे हवा गरम मिळाल्यामुळे सर्व्हरमधले पंखे जोरात फिरायला लागले, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. पण ते पंखे सर्व्हरच्या आत असल्याने त्यांची वीज ‘संगणकांची’ म्हणून छेदात जमा. छेद वाढला की पीयूई आणखी सुंदर दिसतो. तापमान आणखी चढवण्याचा आग्रह झाला तेव्हा मी मुख्य मीटरचा आकडा दाखवला, एकूण वीज परत वर सरकायला लागली होती. मग तो विषय कोणी काढला नाही.

शेवाळ:

मी जलविज्ञानातली, म्हणून एवढं जोडते. तो १.१ पीयूई पुष्कळदा पाण्याने विकत घेतलेला असतो. पाणी बाष्पीभवनाने उडवून थंड केलं की कॉम्प्रेसर कमी चालतो, वीज वाचते. पाणी वाचवायचं म्हणून कोरडी पद्धत घेतली की वीज वाढते. त्यामुळे विजेचा प्रबंध आणि पाण्याचा प्रबंध वेगळे लिहिले तर दोन्ही चुकीची शिफारस करतील.

रॅकवाला यांनी सांगितलेल्या त्याच अहवालात २०२३ साठी अमेरिकी डेटा सेंटरनी जागेवर वापरलेलं पाणी सुमारे ६६ अब्ज लिटर आहे, आणि त्यांना लागणारी वीज तयार करताना वीज केंद्रांत खर्चलेलं पाणी सुमारे ८०० अब्ज लिटर. बातम्यांत पहिला आकडा येतो, दुसरा नाही.

पण आमच्या विषयात बेरीज हीच मुळात संशयास्पद. कार्बन कुठेही सोडला तरी वातावरण एकच. पाण्याचं तसं नाही, खोरं कोणतं आणि महिना कोणता हे सांगितल्याशिवाय लिटरला अर्थ नाही. कूलिंग टॉवर सर्वांत जास्त पाणी पितो तो कडक उन्हाच्या दुपारी, म्हणजे नदीही खाली गेलेली असते तेव्हा. वार्षिक सरासरीत हे दिसत नाही. सिद्दिक, शेहाबी आणि मार्स्टन यांचा २०२१ चा पेपर खोऱ्यांच्या पातळीवर जातो: अमेरिकी डेटा सेंटरच्या थेट जल-पदचिन्हातला (जागेवर खर्चलेल्या पाण्यातला) साधारण पाचवा हिस्सा पाण्याच्या ताणाखालच्या खोऱ्यांतून येतो. पद्धत शिकायची तर तो वाचा. घेतलेलं पाणी आणि संपलेलं पाणी यात गल्लत मात्र करू नका. टॉवरमधून उडालं ते संपलं, नदीत परत सोडलं ते नुसतं घेतलेलं.

चौकस_बाई:

आणि समुद्राखालच्या केबल? एवढ्या हजारो किलोमीटर तारा टाकतात त्याचं काहीच नाही का?

रॅकवाला:

खोल समुद्रात ती बागेतल्या पाइपाएवढीच जाड असते. स्वीडनच्या केटीएच तंत्रविद्यापीठात २००९ मध्ये डोनोव्हन यांनी तिचा पूर्ण जीवनचक्र अभ्यास केला होता. केबल बनवण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या टर्मिनल स्टेशनांची वीज आणि देखभालीच्या जहाजांचं इंधन यांचा भार जास्त निघाला. विषय रंजक आहे, पण एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला जहाजाच्या इंधनाची नोंदवही कोण दाखवणार.

अर्धवट_प्रबंध:

रात्रभर विचार केला. जीबीचं गणित टाकून दिलंय. नवीन प्रश्न असा सुचतोय: आमच्या विभागाची स्वतःची सर्व्हर खोली आहे, त्यात जुने सर्व्हर आहेत. ते बदलावेत की आहेत ते चालवावेत? वीज एका पारड्यात, नवीन सर्व्हर बनवण्याचा कार्बन दुसऱ्यात. मीटर आमच्याच इमारतीत आहे. हे फार छोटं वाटेल का?

रॅकवाला:

छोटं आहे म्हणूनच होईल.

नुसतं उदाहरण घ्या, आकडे कल्पित आहेत. जुना सर्व्हर सरासरी ३०० वॅट घेतो, तेच काम नवीन २०० वॅटमध्ये करतो. वर्षाला ८७६ युनिट वाचले. नवीन बनवताना १,३०० किलो कार्बन गेला असं समजा. ग्रिड कोळशाकडे झुकलेला, युनिटमागे अर्धा किलो: तीन वर्षांत वसूल. ग्रिड स्वच्छ, युनिटमागे १०० ग्रॅम: पंधरा वर्षं, म्हणजे तोवर तो नवीन सर्व्हरही भंगारात. त्याच यंत्राची दोन उलटी उत्तरं. तुमच्या प्रबंधाचा मुख्य आलेख हाच, आडव्या अक्षावर ग्रिडचा कार्बन, उभ्यावर वसुलीची वर्षं. निर्मितीच्या आकड्यासाठी उत्पादकांचे जीवनचक्र अहवाल उघडा आणि मेमरी, एसएसडी किती धरल्यात ते आधी तपासा, बेरीज बहुतेक तिथेच वरखाली होते.

तळटीप:

आणि विद्यापीठ हरित वीज विकत घेत असेल तर? ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या (संस्थांनी कार्बनचा हिशेब कसा मांडायचा याच्या नियमावलीच्या) २०१५ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही हिशेब द्यायला सांगितलंय, ग्रिडच्या सरासरीचा आणि खरेदीच्या करारांचा. दुसरा धरला तर गुणांक शून्य होईल आणि तुमचा सर्व्हर कधीच बदलू नये असं उत्तर येईल.

रॅकवाला:

दोन्ही द्या, निष्कर्ष मात्र पहिल्यावर काढा. हरित विजेचं प्रमाणपत्र विकत घेतलं म्हणून त्या रात्री आठ वाजता कोणत्या वीज केंद्रातून वीज आली ते बदलत नाही.

आता कामाचं. सर्व्हरच्या पाटीवरचे वॅट लिहू नका, ती पॉवर सप्लायची कमाल मर्यादा असते. रॅकच्या पीडीयूवरचं (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचं) वाचन घ्या, आणि यूपीएसच्या आधीचं आणि नंतरचंही. जुना यूपीएस अर्धा रिकामा चालत असेल तर तिथेच मोठी गळती सापडेल, आणि ती सर्व्हर बदलून जाणार नाही. पंधरा मिनिटांच्या अंतराने नोंदी मागा, परीक्षेचा काळ आणि सुट्टी दोन्ही त्यात येऊ देत. एसीचा मीटर वेगळा आहे का ते विचारा. नसेल तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा बसवून प्रवाह मोजणारा) लावायला इमारतीचा वायरमन लागेल, पॅनल स्वतः उघडायचं नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, कारण नोंदी निम्म्यावर आल्या की कोणालातरी आठवतं की हा डेटा गोपनीय आहे.

अर्धवट_प्रबंध:

पत्राचा मसुदा लिहितेय. यूपीएसची क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते, ती वॅटमध्ये धरायची का?

रॅकवाला:

नाही. केव्हीएला पॉवर फॅक्टरने गुणल्यावर किलोवॅट येतात. यूपीएसच्या पडद्यावर किलोवॅट वेगळं दिसतं, तेच उतरवा.